निनादचं दुसरं कलम

आमच्या घरी व्हॅलेंटाइन डेच्या मेणबत्त्या भर उन्हात पेटतात. हसू नका. आम्ही जैन, आणि सूर्यास्तानंतर मी काही खात नाही. बाकीचे खुशाल रात्री पिझ्झा मागवतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नसतं. पण व्हॅलेंटाइनचं जेवण आजीशिवाय होणार नाही असं माझ्या मोठ्या नातीनं, इरानं, लहानपणीच जाहीर करून टाकलं. तेव्हापासून सांगलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये चौदा फेब्रुवारीचं 'कँडललाइट डिनर' गॅलरीतून ऊन आत येत असतानाच होतं. ज्योत धड दिसतसुद्धा नाही. मेण मात्र टेबलक्लॉथवर व्यवस्थित सांडतं आणि दुसऱ्या दिवशी ते मीच खरवडते.

मी शैलजा मगदूम. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. नवीन नोकरीला लागले तेव्हा हे व्हॅलेंटाइनचं फॅड सांगलीत नुकतंच आलं होतं. त्या दिवशी मुलांची दप्तरं तपासून गुलाबी ग्रीटिंग कार्डं जप्त करायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलं होतं. मी ती जप्त करायचे आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या पोरांचे तळतळाट लागले म्हणा, माझ्या एकुलत्या एका मुलानं, निनादनं, ऋजुताला मागणी घातली ती नेमकी चौदा फेब्रुवारीला, आयर्विन पुलावर, मागची वाहतूक अडवून.

लग्नानंतर ती दोघं त्या दिवशी बाहेर जेवायला जायची. मग इरा झाली, बऱ्याच वर्षांनी नभा झाली. एकदा ऋजुता म्हणाली, "मुलींना आईंकडे ठेवून हॉटेलात बसायचं आणि तिथं मुलींबद्दलच बोलायचं. त्यापेक्षा घरीच बसू की." तेव्हापासून मुली वेटर आणि मी मॅनेजर. नवराबायकोनं नटूनथटून टेबलाशी बसायचं, आणि गोड खायच्या आधी एकमेकांविरुद्ध एक तक्रार करायची. वर्षभरातली सगळ्यात मोठी. निकाल मुलींनी द्यायचा आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला घास भरवायचा.

निनाद जानेवारीपासून तक्रार घोळवायचा. "ही न्हाणीघरातून फोनवर सांगते, निघाले, वाटेतच आहे," हे त्याचं एका वर्षीचं. "दुधावरची साय ही खाते आणि मांजराचं नाव घेते. आपल्याकडे मांजर नाही," हे दुसऱ्या वर्षीचं. निनादचं चष्म्याचं दुकान. त्यामुळे ऋजुताची तक्रार अशी, की भांडण ऐन रंगात आलं की हा तिचा चष्मा काढून घेतो, पुसतो आणि परत तिच्या नाकावर ठेवतो. मग भांडायचं कसं? ते असं काही बोलायला लागले की मुली टेबलाखाली लोळायच्या. एवढं प्रेम मी त्या जप्त केलेल्या कार्डांत कधी वाचलं नव्हतं.

गेल्या वर्षी हे जेवण झालं नाही. त्याच्या आधीच्या डिसेंबरात निनाद दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर काढता काढता कोसळला. पक्षाघात, मेंदूच्या उजव्या बाजूला. वय चव्वेचाळीस. डावा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि स्वारी दिवसदिवस ग्लानीत राहायला लागली. पूर्वी अशा माणसाला मालिश करायचे, चेंडू दाबायला लावायचे आणि नशिबावर सोडायचे. आता मिरजेत मेंदूचं कलम करतात.

कलम हा लोकांनी पाडलेला शब्द, पण चपखल आहे. रोग्याच्याच कातडीतल्या पेशी घ्यायच्या, त्यांना प्रयोगशाळेत मागे नेऊन पुन्हा गर्भातल्यासारखं कोवळं करायचं, त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांची बोटभर पट्टी मेलेल्या भागाच्या जागी बसवायची. पेशी स्वतःच्याच असल्यानं शरीर त्यांना हाकलत नाही. तीनेक आठवड्यांत कलम धरतं, आजूबाजूच्या जुन्या पेशींशी धागे जोडतं. हात हलतो, बोलणं येतं. शाळेत असते तर यावर मी दोन तास घेतले असते.

जंतुसंसर्गाची भीती असल्यानं ते तीन आठवडे रोग्याजवळ घरचं एकच माणूस ठेवतात. एकदा आत गेलं की बाहेर यायचं नाही, बदली माणूस नाही. तिथल्या डॉ. मुजावर म्हणाल्या, "कोण थांबणार ते घरी ठरवून या."

ऋजुतानं बॅग भरली होती. पण इराची दहावी होती, प्रॅक्टिकल तोंडावर आली होती. आमच्याकडे दहावी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घरात दहावी असली की टीव्हीला कुलूप लागतं, पाहुण्यांना दारातून परत पाठवतात, आजारी माणूससुद्धा हळू खोकतो. ऋजुताचे वडील म्हणाले, पोरीचं वर्ष आहे, तू घरी राहा. मी म्हणाले, मी रिकामीच आहे, मी जाते. खुद्द निनाद त्या जड जिभेनं म्हणाला, "दहावी... तू... इराजवळ." मग ऋजुतानं बॅगेतले आपले कपडे काढले आणि माझे भरले. कुणीही हेच केलं असतं.

तीन आठवडे मी त्याच्या उशाशी होते. पेज भरवली, अंग पुसलं, हात चोळला. तो डोळे उघडायचा तेव्हा समोर मी असायचे. इराला मार्क उत्तम पडले. निनाद चालत घरी आला. पेढे वाटले.

*

काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा कळलं ते नभाला. ती तेव्हा सहा वर्षांची. धावत जाऊन तिनं बाबाच्या कमरेला मिठी मारली, आणि निनादनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बसमध्ये शेजारच्या बाईचं पोर अंगावर पडलं तर आपण ठेवतो, तसा. नभा बाजूला झाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

त्याला सगळं आठवत होतं. लग्नाची तारीख, मुलींचे वाढदिवस, ऋजुताला कारलं आवडत नाही हेसुद्धा. पण तो ऋजुताशी वागायचा ते दुकानातल्या नव्या मदतनिसाशी वागल्यासारखा. सौजन्यानं. आणि दुकानातून आला की दारातूनच विचारायचा, "आई कुठंय?" मी भाजी निवडायला बसले की तोही निवडायला बसायचा. मी शिंकले तर त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. चार दिवस मी माहेरी इचलकरंजीला, माझ्या बहिणीकडे गेले, तर दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून हा तिथं हजर. "सहज आलो," म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते.

खोटं कशाला बोलू, मला सुख झालं. मुलगा कॉलेजात गेला की आईचा राहत नाही, मग सुनेचा होतो, मग पोरांचा. माझा मला उतारवयात परत मिळाला होता. पहिले काही महिने मी स्वतःशी म्हणत राहिले की एवढ्या मोठ्या आजारातून उठलाय, होईल हळूहळू. मुळात मला ते व्हायला नको होतं.

शेवटी ऋजुताच त्याला घेऊन डॉ. मुजावरांकडे गेली. मीही गेले, कारण माझ्याशिवाय तो निघेना.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. आपल्या माणसाचा चेहरा दिसला की मेंदूत दोन कामं होतात, दोन वेगळ्या वाटांनी. एक वाट सांगते, हा कोण आहे. दुसरी सांगते, हा माझा आहे. त्या दुसऱ्या वाटेमुळे छातीत ऊब येते, जीव गोळा होतो. निनादची पहिली वाट शाबूत होती. दुसरी मेली होती, आणि कलम नेमकं तिथं बसवलं होतं. नव्या पेशी तान्ह्या बाळाच्या असतात तशा. आपलं कोण हे त्यांना ठाऊक नसतं. धरण्याच्या दिवसांत जो आवाज, जो वास, जो स्पर्श मिळेल तो त्या 'माझा' म्हणून पक्का करतात आणि मग घट्ट होतात.

"बदकाचं पिल्लू," मी म्हणाले. अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिलं हलताना दिसेल त्यालाच ते आई समजतं. हा धडा मी किती वर्षं शिकवला होता.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "पण हे आम्हालाही नवीन आहे, मॅडम. हात-पाय-बोलणं सुधारतं एवढंच सगळ्यांनी मोजलं होतं. माया कुणी मोजली नव्हती. आता जगभरातून अशा केसेस यायला लागल्यात."

ऋजुतानं विचारलं, "आता काही करता येईल?"

येत होतं. ती पट्टी विरघळवून तिच्या जागी दुसरी बसवता येत होती. या वेळी जवळ ऋजुता राहील. मुलींचे आवाज ऐकवता येतील, त्यांच्या वापरलेल्या उशा, फ्रॉक निर्जंतुक करूनही वास राहील अशा तऱ्हेनं आत देता येतील.

"माझी पण एखादी साडी द्या की मग," मी म्हणाले.

डॉ. मुजावर म्हणाल्या, "नाही देता येणार. पहिल्या कलमानं जे धागे जोडले ते सगळे पुसले जात नाहीत. तुमचा नुसता वास आला तरी नव्या पेशी त्या जुन्या धाग्यांनीच जातील आणि बाकी काही धरणार नाही. दोन ठिकाणी दोन्ही माणसांना ठेवून बघितलं. दोन्ही ठिकाणी जुनंच जिंकलं."

"म्हणजे मी त्याला..."

"आई म्हणून ओळखेल. सगळं आठवेल. पुढं सवयीनं थोडी जवळीक येईलही. पण आत्ता ऋजुताताईंचं जे झालंय, ते तुमचं होईल. आणि हे एकदाच करता येईल. तिसऱ्यांदा तिथं काही धरणार नाही."

निनाद शेजारीच बसला होता. त्याची बुद्धी तल्लख होती, सही त्याचीच लागणार होती. त्यानं शांतपणे सांगितलं, "नको मला." आणि माझा हात धरून उठला. ऋजुता खुर्चीतच बसून राहिली.

*

यंदाचं जेवण इरानं ठरवलं. अकरावीत असून तिनं कॉलेजला दांडी मारली आणि सकाळपासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तिला वाटत होतं, सगळं पूर्वीसारखं मांडलं तर बाबा पूर्वीसारखा होईल. नभानं मेनूकार्ड रंगवलं, गळ्यात कागदाचा बो लावला. ऋजुता दरवर्षी या जेवणाला नेसायची ती निळी सिल्कची साडी नेसली. निनादला मुलींनी कोट घालायला सांगितला, त्यानं घातला. सूर्य समोरच्या बिल्डिंगच्या टाकीपर्यंत आला आणि मेणबत्त्या लागल्या.

त्यानं ऋजुतासाठी खुर्ची ओढली. दरवर्षी ओढायचा हे त्याच्या लक्षात होतं. सूप झालं, पनीर झालं, "मस्त झालंय गं इरा," हेही म्हणून झालं. दुकानातल्या एका आजोबांचा किस्सा त्यानं सांगितला, आम्ही सगळ्या जरा जास्तच हसलो. मग नभा ताटली वाजवून म्हणाली, "आता तक्रारी!"

ऋजुता उभी राहिली. तिनं काहीतरी मजेशीर ठरवलं असणार, कारण तिनं आधी घसा खाकरला, भाषणाला उभी राहिल्यासारखी ऐट केली. "माझी तक्रार अशी, की आरोपी हल्ली माझा चष्मा पुसत नाही." पुढचं वाक्य तिला आलं नाही. ती हसली आणि खाली बसली. निनाद घाईघाईनं म्हणाला, "सॉरी हं. दे की, आत्ता पुसतो." आणि त्यानं रुमाल काढला. ऋजुतानं चष्मा दिला नाही.

"आता बाबा," नभा म्हणाली.

निनादनं खरंच विचार केला. परीक्षेतला प्रश्न न येणारी मुलं करतात तसा, वर बघून. मग म्हणाला, "माझी काहीच तक्रार नाही. ऋजुता सगळं अगदी नीट करते. तुमचं, घराचं, माझ्या औषधांचं. फार मदत होते तिची."

ऋजुता टेबलक्लॉथवर सांडलेलं मेण नखानं खरवडायला लागली.

"असं नसतं बाबा," नभा रडकुंडीला आली. "एक तरी सांग की. खोटी सांग!"

मुलीचं मन राखावं म्हणून तो इकडंतिकडं बघायला लागला आणि त्याची नजर माझ्यावर आली. त्याचा चेहराच बदलला. आतून दिवा लागल्यासारखा. "आहे की एक तक्रार! आईबद्दल. हिनं आज दुपारची बीपीची गोळी घेतली नाही. मी डबी बघितलीय. असं करतीस होय गं? तुला काही झालं तर मी काय करायचं?" बोलता बोलता त्याचे डोळे भरले. त्यानं समोरच्या बासुंदीचा चमचा उचलला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. "मी हरलो असं समज. घे."

टेबलाभोवती तीन माणसं तो चमचा बघत होती. मी तोंड उघडलं. न उघडून काय केलं असतं? बासुंदी कशी झाली होती ते मला आठवत नाही.

नभानं गळ्यातला बो काढला, टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेली. तिनं दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते हळू लावलं. ऋजुता ताटल्या गोळा करायला लागली. इरा तिच्या मागोमाग आत गेली, आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "माझ्यामुळे झालंय मम्मी. माझी दहावी नसती तर तू गेली असतीस. त्या मार्कांचं मी काय करू? सांग ना, काय करू मी त्या मार्कांचं?"

ऋजुता तिला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नळ जोरात चालू होता.

मी निनादला म्हटलं, "गॅलरीत चल."

*

ऊन कठड्यावरून निघालं होतं. खाली बिनड्रायव्हरच्या रिक्षा एकामागून एक चार्जिंगला लागत होत्या. तो माझ्या शेजारी मोड्यावर बसला, अगदी चिकटून.

"इरा काय म्हणाली ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"वाईट वाटलं पाहिजे, हे कळतंय मला," तो म्हणाला. "पण वाटत नाही, आई. मला आयर्विन पूल आठवतो. थंडी होती, मागून हॉर्न वाजत होते. पण ते शेजारच्या कुणीतरी सांगितलेलं ऐकतोय असं वाटतं. मी रोज प्रयत्न करतो. नभाच्या डोक्यावर हात ठेवतो. तिला कळतं, मी तो ठेवलाय."

"मग दुसरं कलम कर की, बाळा."

"आणि तू?"

"मी कुठं चालले? इथंच असणार की."

"तू असशील." तो माझ्याकडे वळला. "पण आता ऋजुता जशी वाटते तशी तू वाटशील. या एवढ्या मोठ्या जगात मला एकच माणूस आपलं वाटतं. तेही मी हातानं काढून टाकू? कोण टाकेल?"

त्यानं नाही म्हणावं अशी माझी इच्छा होती. आजही सांगते, होती. त्यानं आणखी एकदा नको म्हटलं असतं तर मी सुटले असते. मी प्रयत्न केला, पोरगा ऐकत नाही, असं सुनेला सांगून मोकळी झाले असते आणि मरेपर्यंत त्याच्या हातचा घास खाल्ला असता. पण आत नळ अजून चालू होता. भांडी एव्हाना धुऊन झाली असणार.

आणि मला एक गोष्ट कळत होती, जी डॉक्टरांच्या हातात नव्हती आणि ऋजुताच्याही नव्हती. वर्षभरात मी मागितलेलं काहीही त्यानं नाकारलं नव्हतं.

"माझ्यासाठी कर," मी म्हणाले.

"काय?"

"ऋजुतासाठी नको, मुलींसाठी नको. त्यांच्यासाठी तुला काही वाटत नाही, मान्य आहे. माझ्यासाठी तर वाटतं ना? मग मी मागतेय. मला दे."

तो लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तुला दुःख होईल," तो म्हणाला.

"होईल की. पण ते मला होईल, तुला होणार नाही. म्हणून तर म्हणतेय."

त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि चव्वेचाळीस पार केलेला माझा मुलगा हुंदके देऊन रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. टाळूच्या मागे कलमाचा बारीक व्रण बोटांना लागत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बरं."

*

मार्चमध्ये जागा मिळाली. त्याआधी आठवडाभर घर धुणं चाललं होतं. निनादच्या अंगाला, कपड्यांना, पांघरुणाला माझा वास राहायला नको होता. ऋजुतानं आणि मी मिळून चादरी धुतल्या, त्याच्या कपाटातली माझ्या जुन्या साड्यांची गोधडी काढली. पिळे देताना एका टोकाला ती आणि एका टोकाला मी.

"आई," ती मध्येच म्हणाली, "वर्षभर मी तुमच्यावर जळत होते. तुम्ही मेलात तर बरं होईल असंसुद्धा एकदा मनात आलं होतं."

"मलाही तू माहेरी गेलीस तर बरं होईल असं आलं होतं," मी म्हणाले. "पीळ घट्ट दे. पाणी राहतंय."

ती तशीच ओल्या हातांनी माझ्या गळ्यात पडली. मी तिला पडू दिलं.

निघायच्या दिवशी मी इस्पितळात जायचं नव्हतं. निनाद खाली रिक्षात बसला, ऋजुता शेजारी. तो उतरून परत आला, माझ्या पाया पडला, परत जाऊन बसला. पुन्हा उतरायला लागला तेव्हा मीच ओरडले, "बस्स झालं आता! उशीर होतोय." मास्तरणीचा आवाज लागला, तो गुपचूप बसला. रिक्षा वळेपर्यंत तो मागच्या काचेतून बघत होता. ते डोळे असे पुन्हा माझ्याकडे बघणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी हात हलवत राहिले. रिक्षा दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ हलवत होते, वॉचमन बघायला लागला तेव्हा थांबले.

मी इचलकरंजीला बहिणीकडे गेले. कलम पक्कं होईपर्यंत माझा फोनसुद्धा त्याच्या कानावर पडायचा नव्हता. बहीण म्हणायची, जरा जेव, जरा झोप. मी तिच्या नातवंडांना पेशी शिकवत बसायचे आणि अध्येमध्ये उठून तोंड धुऊन यायचे.

एका दुपारी ऋजुताचा फोन आला. आधी नुसतं रडणं ऐकू आलं.

"आई, त्यानं आज मला ओळखलं."

"ओळखत होताच की."

"तसं नाही."

"कळलं गं," मी म्हणाले. "मुलींचे आवाज लाव त्याला. मोठ्यानं लाव."

फोन ठेवला आणि मी देवाला हात जोडले. मग बहिणीच्या परसात जाऊन, दगडावर बसून, पोटभर रडले. आनंद किती होता आणि दुसरं काय किती होतं, ते मला वेगळं काढता आलं नाही.

मे महिन्यात मी घरी आले. जिन्यातच आतला गोंधळ ऐकू येत होता. नभा खिदळत होती, इरा कुणाला तरी "ए बाबा, चीटिंग नको!" म्हणून ओरडत होती. मी बेल वाजवली. दार निनादनं उघडलं. त्याच्या खांद्यावर नभा उलटी लटकली होती, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. त्या चेहऱ्यावर मला हवं ते सगळं होतं. मी उंबऱ्यात उभी राहून ते डोळे भरून बघून घेतलं.

"अरे, आई! ये ये," तो म्हणाला. हसून. त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली आणि सोफ्याशेजारी ठेवली, पाहुण्यांची ठेवतात तिथं. "प्रवास नीट झाला ना? बस, पाणी आणतो. आहेस ना आता थोडे दिवस?"

ऋजुता आतून येत होती, ती जागच्या जागी थांबली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

"आहे की," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला आणि पाणी आणायला वळला. पण नभानं त्याचे कान धरले, इरानं मागून उशी फेकली, आणि तिघं ओरडत आतल्या खोलीत पळाली. ऋजुता त्यांच्याकडे बघावं की माझ्याकडे, अशी उभी.

"जा की," मी म्हटलं. "तुला बोलावतायत."

ती गेली. मी बॅग उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी माझं मीच घेतलं.